दोरी ओढणारे आणि सल्ला देणारे

मुंबईचा माणूस अंबरनाथच्या चिखलोलीत फ्लॅट घेतो तो हवेसाठी. जुलैत त्याला कळतं की हवेबरोबर गवतही मिळालंय. धरणाच्या बाजूचा डोंगर हिरवा झाला की फोटो निघतात. तोच हिरवा रंग सोसायटीच्या कंपाउंडला गुडघ्यापर्यंत आला की मीटिंग निघते. मीटिंगमध्ये कोणीतरी ‘साप’ म्हणतं. त्यावर मतभेद नसतात. पंपरूममध्ये दिवाळीपासून पडलेलं गवत कापायचं मशीन बाहेर येतं.

ते चालू करायला एक माणूस पुरतो. ते का चालू होत नाही हे सांगायला अख्खी ए विंग लागते. माळी दोरी ओढतो. मशीन खोकतं आणि गप्प होतं. पहिल्या मजल्यावरून आवाज येतो, “चोक दे, चोक!” दुसऱ्यावरून, “चोक काढ आधी!” माळी बिचारा दोघांचाही मान राखतो. मग पेट्रोलचा वास सुटतो आणि तिसरे काका खाली न उतरताच निकाल देतात, “ओव्हर झालं.”

एकेकाळी ज्यांच्याकडे बजाजची स्कूटर होती, त्यांचा उपाय ठरलेला: आडवी करा. त्या पिढीचा आडवं करण्यावर फार विश्वास. पण या मशीनचा कार्बोरेटर पडद्याचा असतो, कसंही धरलं तरी चालावं म्हणूनच केलेला. ज्याला उलटं धरलं तरी फरक पडत नाही, त्याला आडवं करून काय मिळणार?

अशा वेळी ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका प्लगपाना घेऊन उतरतात. ते बोलत नाहीत, म्हणून त्यांचं कोणी ऐकत नाही. प्लग काढून ते आधी बघतात. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय; कोरडा असेल तर वाटेत अडलंय. काळा कोळसा धरला असेल तर पॉलिश पेपर, नंतर गॅप, बहुतेक मशीनला 0.6 ते 0.7 मिलिमीटर. मग सांडलेलं पेट्रोल पुसून, प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून दोरी ओढायची आणि ठिणगी बघायची. ज्या अंबरनाथच्या विम्को कारखान्यातून काड्यापेट्या गावोगावी गेल्या, तिथे एका ठिणगीसाठी सगळे श्वास रोखून उभे! ठिणगी पडते. मशीन तरीही ढिम्म.

“कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय,” असं आता सगळे एकमुखाने म्हणतात. कचरा येतोही, पण तो आला कुठून, हे कोणी विचारत नाही. तो असतो दिवाळीपासून टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा. उडून जाण्यासारखं सगळं उडून जातं आणि उरलेला चिकटा बारीक भोकांत बसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी फार झालं की इथेनॉल त्याला घेऊन तळाशी जातं, आणि टाकीतल्या नळीचं तोंडही नेमकं तळाशीच. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. या तळच्या थरात तेही जवळजवळ नसतं. म्हणजे मशीन चालू झालं नाही हे नशीबच.

हे समजावल्यावर खजिनदार विचारतात, “पण ते पेट्रोल हिशोबात दाखवलंय. ओतून कसं द्यायचं?”

ऑइलचं प्रमाण हा तर स्वतंत्र ठरावाचा विषय. 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली, 50 ला 1 म्हणजे 20. आपल्या मशीनला कुठलं, ते पुस्तिकेत छापलेलं असतं आणि पुस्तिका जुन्या सेक्रेटरींकडे असते. म्हणून ऑइल अंदाजाने पडतं. कमी पडलं तर पिस्टन जाम. जास्त पडलं तर पालिकेची धूरफवारणी आली समजून बी विंग खिडक्या लावून घेते.

तेव्हा तमाम सेक्रेटरींना विनंती: गवत सुकलं की टाकी रिकामी करा, आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवा. एअर फिल्टर धुवा. ऑइलचं प्रमाण टाकीवरच रंगाने लिहा. आणि पातं फिरत असताना बाकीच्यांनी 15 मीटर लांब थांबावं, खडे उडतात. तेवढ्या अंतरावरून सल्लाही ऐकू येत नाही.