गुरुजी बसले परीक्षेला

जिल्हा परिषदेच्या शाळांत उभा जन्म नागरिकशास्त्र शिकवलेले आमच्या सावेडीतले एक गुरुजी सध्या स्वतःच घोकंपट्टी करताहेत. मुलगा न्यू जर्सीत, गुरुजींच्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं झालेली, आता अमेरिकेच्या नागरिकत्वाची परीक्षा. तिकडचा बर्फ चुकवायला हिवाळ्यात नगर गाठायचं आणि गच्चीवर ऊन खात पाठांतर करायचं.

पूर्वी शंभर प्रश्नांची यादी होती. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती १२८ झाली. साहेब तोंडी वीस विचारणार, बारा बरोबर आले की पास. म्हणजे साठ टक्के! पस्तिसाला पोरं वर ढकलण्यात हयात गेलेल्या माणसाकडून हे मेले फर्स्ट क्लास मागतात, अशी काकूंची तक्रार. वय ६५ आणि ग्रीन कार्डाला वीस वर्षं झाली असती तर वीसच प्रश्नांची तयारी आणि परीक्षा चक्क मराठीत. गुरुजींचं वय बसतं, वर्षं बसत नाहीत.

नगरात बसून दुसऱ्यांचा इतिहास पाठ करायचा म्हणजे तशी कमालच. इथल्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी १९४४ साली पाच महिन्यांत अख्ख्या हिंदुस्थानचा इतिहास लिहून काढला. आम्ही नगरकर मात्र शहराबाहेरच्या डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीला पिढ्यान्‌पिढ्या चांदबिबीचा महाल म्हणतो. पाव्हण्यांना दाखवतोही तसाच. नगरची नागरिकत्व परीक्षा काढली तर ‘ही वास्तू कुणाची’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणारा हमखास परगावचा निघेल.

यादीतल्या काही प्रश्नांपुढे उत्तरच छापलेलं नाही. राष्ट्राध्यक्ष कोण, तुमच्या राज्याचा सिनेटर कोण, असल्या ठिकाणी ‘ताजं नाव संकेतस्थळावर पाहा’ एवढीच सूचना. ही युक्ती आपण तातडीने उचलावी. जिल्ह्याचं नाव काय, हेच २०२४ मध्ये बदललं. गुरुजींच्या पासपोर्टावर अहमदनगर, नव्या कागदांवर अहिल्यानगर. पुढचा प्रश्न, तुमचे आमदार कोणत्या पक्षात? संकेतस्थळ पाहा, आणि उत्तर देताना वेळ लिहायला विसरू नका. तुमचा जिल्हा परिषद सदस्य कोण? परिषदेची मुदत संपली मार्च २०२२ मध्ये आणि पुढची तीन वर्षं उलटली तरी कारभार प्रशासकाकडेच होता. तेव्हा ‘कोणीच नाही’ हे पैकीच्या पैकी गुणांचं उत्तर. गुरुजी म्हणाले, हसू नका, वॉशिंग्टन शहरात राहणाऱ्याने सिनेटरच्या प्रश्नाला ‘आम्हाला सिनेटर नाही’ असंच सांगायचं असतं. फरक एवढाच की त्यांच्याकडे ते यादीत छापलंय.

आपल्याकडे परदेशी माणसाला नागरिक व्हायचं असेल तर १९५५ चा कायदा इतिहास विचारत नाही. वास्तव्य, चारित्र्य वगैरे अटी आहेत, आणि आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान हवं. म्हणजे अरणगावच्या मेहेराबादला येऊन राहिलेला एखादा परदेशी भक्त मराठी शिकला तर भाषेची अट सुटली. हीच अट जन्माने नागरिक झालेल्यांना लावली तर सावेडीतल्या इंग्रजी माध्यमाच्या निम्म्या पोरांना व्हिसा काढावा लागेल.

हे ऐकून कट्ट्यावरच्या एका उत्साही गृहस्थांनी लगेच ठराव मांडला की मतदारांचीच परीक्षा घ्या, अडाण्यांची मतं बाद करा. गुरुजी एकदम वर्गावरच्या आवाजात बोलले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी हेच केलं होतं. काळ्या माणसाला मत देता येऊ नये म्हणून साक्षरतेच्या परीक्षा काढल्या. प्रश्न काढणारे गोरे, तपासणारे गोरे. १९६५ च्या कायद्याने ते थांबवलं. “आणि इथं पेपर कोण काढणार, तुम्ही?” गृहस्थ चहाचे पैसे न देताच उठले.

गुरुजींना खरी धास्ती १२८ प्रश्नांची नाहीच. पास होऊन शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व जाणार, दोन्ही ठेवायची सोय आपल्या घटनेत नाही. ओसीआय कार्ड मिळेल. त्यावर येता येतं, राहता येतं. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मताचं गुरुजी फार बोलले नाहीत. पाथर्डीच्या शेताला लागून भावकीतला एक तुकडा विकायला निघालाय, त्यावर मात्र तासभर बोलले. तो सौदा आधी की शपथ आधी, याचं उत्तर कुठल्याच संकेतस्थळावर नाही.

एक प्रश्न मात्र त्यांना झोपेतही येतो. लोकशाहीत नागरिक सहभागी कसा होतो, याची दोन उदाहरणं सांगा. मान्य उत्तरांत मतदान आहे, निवडणूक लढवणं आहे आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिणंही आहे! गुरुजी खूश. गल्लीतल्या खड्ड्यावर त्यांची किती पत्रं छापून आलीत, कात्रणांची फाईलच आहे. ती मुलाखतीला नेणार म्हणतात.

“नेऊ नका,” मी म्हटलं, “साहेबाने खड्ड्याचं पुढे काय झालं विचारलं तर?”

“नाही विचारणार,” गुरुजी म्हणाले. “यादीत नाहीये.”