मरायला फुरसत नाही

सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सेक्रेटरी ही जमात बोरिवलीपासून कोथरूडपर्यंत सारखीच. बहुधा बँकेतून निवृत्त, खिशाला दोन पेनं, काखेत फाइल. "काय काका, बरं आहे ना?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर : "मरायला फुरसत नाही हो!" सूर तक्रारीचा, पण चेहरा नुकतं बारसं जेवून आल्यासारखा.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यायची, एवढीच खरी अट. बाकीचे कष्ट काका पदरचे घालतात. नोटीस फलकावर लागते, व्हॉट्सॲपवर पडते, ईमेलनेही जाते. ती सगळ्यांना मिळाली याची खात्री झाली की काका वही घेऊन सह्या गोळा करायला निघतात. तेही जिन्याने. लिफ्टमध्ये धापा टाकताना कोण बघणार? चौथ्या मजल्यावर चहा, पाचव्यावर गळतीची तक्रार, सहाव्यावर कुलूप. त्या कुलपापायी संध्याकाळी पुन्हा एक फेरी.

मेन्टेनन्सची बिलं नातू एक्सेलवर करून देतो. एक्सेलची बेरीज काका कॅल्क्युलेटरवर ताडून पाहतात आणि कॅल्क्युलेटरची कागदावर. आकडे जुळले की चेहरा उतरतो.

खरा घाव घातला तो पंपाच्या सेन्सरने. आधी टाकी भरली का ते बघायला काका दिवसातून दोनदा गच्चीवर जात. सेन्सर आला, पंप आपला आपण बंद व्हायला लागला आणि काका सैरभैर झाले. पण लवकरच सावरले. वॉचमनच्या टेबलावर नवं रजिस्टर आलं : पंप आपोआप सुरू झाल्याची वेळ, आपोआप बंद झाल्याची वेळ, शेरा. शेऱ्यात रोज 'ठीक', पुढे वॉचमनची सही. दर रविवारी त्या सह्या तपासल्याची काकांची सही.

जेवढा वेळ हाताशी असेल तेवढं काम फुगतं, हे सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 साली 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहून ठेवलंय. त्यांच्या दाखल्यातल्या रिकाम्या म्हातारबाई भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवतात. कार्ड शोधण्यात एक तास, चष्मा शोधण्यात एक, आणि टपालपेटीपर्यंत छत्री न्यावी की नको यात वीस मिनिटं. आमच्या सोसायटीत या बाई बिनविरोध खजिनदार झाल्या असत्या.

तिकडे अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंड्यांचं निरीक्षण करून, एक वीट रचायला लागणाऱ्या 18 हालचाली पाचांवर आणल्या. ही विद्या आमच्या इमारतीत फक्त एका व्यक्तीला येते. सात घरची धुणीभांडी करणाऱ्या आणि सोसायटीचे जिने झाडणाऱ्या मावशींना. घरात शिरल्या शिरल्या करपलेलं पातेलं भिजत घालायचं, ते सुटेपर्यंत केर काढायचा, लादी आतून दाराकडे पुसत यायची, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. घरंसुद्धा एकाच जिन्यातली धरलेली. दुपारी एकला मावशी मोकळ्या. याचं कौतुक कोणी करत नाही. "झालं पण?" असं मात्र सगळे विचारतात, तेही फरशीकडे संशयाने बघत.

परवाच्या सभेत 'अहोरात्र झटणारे' म्हणून काकांना शाल-श्रीफळ मिळालं. टाळ्या झाल्या. मग 'ऐनवेळचे विषय' यात मावशींच्या पगारवाढीचा विषय निघाला. काका उठले. "सगळे जिने त्या तासाभरात उरकतात. एवढ्याशा कामाला वाढ कशी द्यायची?" सभेने माना डोलावल्या. कोरम तेवढ्यापुरता पूर्ण होता.

मावशींच्या कानावर हे गेलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून जिने झाडायला तीन तास लागायला लागले. दर मजल्यावर पायरीवर टेकायचं, पदराने कपाळ पुसायचं, लेकीला फोन लावायचा आणि काकांची चाहूल लागली की तीच पायरी पुन्हा झाडायची. महिन्याभरात कार्यकारिणीने वाढ मंजूर केली. इतिवृत्तात काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : 'कामात लक्षणीय सुधारणा.'