मटक्याचा इतिहासकार

मुंबईच्या मटका जुगारावर ग्रंथ लिहिणाऱ्याची पंचाईत अशी, की या धंद्याचं दफ्तर म्हणजे चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी धाड पडली की गिळायची. न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-बंद भावांवरचा सट्टा, मग मटका चालवणारे कल्याणजी भगत, रतन खत्री, मडकं, पत्ते. इथवर प्रकरणं सुरळीत. पुढे गिरणगावातले जुने जाणकार भेटतात. मटका सगळ्यांनी पाहिलेला, खेळलेला मात्र शेजाऱ्याने! १८८७च्या कायद्याने जुगार बंद आणि १९६९पासून सरकारची स्वतःची लॉटरी, हे प्रकरण ‘परिशिष्टात टाका’ असा प्रेमळ सल्ला येतो. प्रकाशकाला चिंता वेगळीच: “शेवटी आकडा काढायची युक्ती देताय ना?” मानधन पुस्तक खपलं तर. घरी विषय निघाला की अभ्यासक म्हणतो, “लागेल की एखाद्या दिवशी.”