संस्कृती बुडाली हो, जरा आवाज वाढवा!

काय म्हणावं या मोबाइलला! पावसाळ्यातला रविवार, कपिलधारचा धबधबा भरून कोसळतोय, निम्मा बीड जिल्हा तिथं चिंब भिजून रील काढतोय. जाणं जमलं नाही तर निदान घरी लोळत बघावं, एवढीच आपली इच्छा. एक धबधबा झाला, दुसरा झाला, तिसऱ्यात कुणाचा तरी पाय घसरला, आणि चौथ्या जागी अवचित एक डॉक्टरीणबाई! पांढरा कोट, हसरा चेहरा, हातात चिरलेली पपई. आपल्याला वाटलं, आली बाई बद्धकोष्ठावर बोलायला. तर ती म्हणते, समजा हे गर्भाशय. आणि त्या पपईत चक्क तांबी बसवून दाखवते! दिवसाढवळ्या! मन्मथस्वामींच्या डोंगराकडं तोंड करून रोज हात जोडणारी माणसं आपण, आणि आपल्याच तळहातावर हे? शिव शिव शिव!

मग आपण काय केलं? कुठल्याही घरंदाज माणसानं केलं असतं तेच. इकडं तिकडं पाहिलं, आवाज बारीक केला आणि शेवटपर्यंत बघितलं.

आणि एकदा बघितलं की सुटका आहे का? त्या मोबाइलला काय कळतं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून हीच रांग. गोव्यात वाढलेली ती लीझा मंगलदास 2017 पासून यूट्यूबवर सगळं उघडं बोलते, आवाज असा की भाजीचा भाव सांगावा. त्या तनया नरेंद्र, ज्यांनी स्वतःचं बारसं 'डॉक्टर क्यूटरस' असं करून घेतलं, त्या शरीराच्या एकेका भागाचा असा समाचार घेतात की आपल्याला आपल्याच अंगाची नव्यानं ओळख व्हावी. 2022 साली दोघींची पुस्तकंही आली. म्हणजे आता कपाटातही लपवायला आलं! मराठी तरी सोवळ्यात राहील म्हणावं, तर पुण्याच्या तथापि ट्रस्टनं लैंगिकतेवर अख्खं संकेतस्थळ मराठीत काढलं आणि तिथल्याच 'प्रयास' संस्थेनं 'सेफ जर्नीज' नावाची मालिकाच केली. पुणं ते पुणंच. तिथं दुपारी दुकानं बंद असतात, तोंडं नाही.

बरं, या मंडळींचे हाल तरी बघा. सरळ शब्द लिहिला की कंपनी व्हिडिओ दाबून टाकते म्हणे. मग मधली अक्षरं गाळायची, चांदण्या घालायच्या, वांग्याचं चित्र टाकायचं. भरताच्या वांग्याची ही बदनामी बीडच्या बाजारात कुणी खपवून घेईल का? पण खपलीय. आणि वांगं म्हणजे काय ते बारा वर्षांच्या पोरालाही कळतं, कळत नाही ते फक्त कंपनीला.

बाटलेल्यांची यादी करायची तर पाडव्यापासून आखाडीपर्यंत बसावं लागेल. ज्या गुरुजींनी दहावीच्या विज्ञानातला मानवी प्रजननाचा भाग 'घरी वाचून या' म्हणून उलटून टाकला, ते आता मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहा गार होऊ देत एका कानात इअरफोनचं बोंड घालून बसतात. 'बातम्या ऐकतोय,' म्हणतात. बातम्या ऐकताना कुणाचे कान इतके लाल होतात? आत्याबाईंची तर तऱ्हाच न्यारी. भाचीला म्हणाल्या, 'असलं घाण बघू नको गं माय.' आणि पाचव्या मिनिटाला, 'त्या बाईनं पाळी जाताना अंगातून वाफा निघतात त्याचं काय सांगितलं होतं? नाही, सहज विचारलं.' लग्न ठरलेला पोरगा हळदीच्या आदल्या रात्री पांघरुणात उजेड पाडून काय करतो, हे त्याच्या आईला कळत नाही असं वाटतं की काय तुम्हाला? तिनंच तर दुवा पाठवला, बहिणीच्या फोनवरून.

आपल्या राज्यानं काही कमी बंदोबस्त केला नव्हता हो. 2007 साली शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं, आता पोरं निर्मळ राहणार म्हणून सगळे निवांत झोपले. पुढं फोन स्वस्त झाले, डेटा फुकटात वाटल्यासारखा आला, आणि शाळेच्या दारातून हाकललेला विषय उशीखाली येऊन झोपला. तिथं अश्लील फितीही होत्याच. त्यांच्यावर कुणी ओरडलं नाही, कारण त्या बघितल्याचं कबूल कोण करणार? ओरडा झाला तो त्या फिती खोट्या असतात असं सांगणारीवर!

आणि भिंती? बसस्थानकाची भिंत, रेल्वेच्या कडेची भिंत, मुतारीची तर हक्काची. 'गुप्तरोग', 'मर्दानी कमजोरी', 'एकदा अवश्य भेटा', अक्षरं हातभर, रंग पिवळाजर्द. अशा भिंतींपुढून आपल्या तीन पिढ्या वरातीनं गेल्या, तेव्हा नाही संस्कृती बुडाली. रक्ताच्या शंभर थेंबांचा एक थेंब होतो, असं सांगून पुड्या विकणाऱ्या वैदूचा तंबू जत्रेत डौलात उभा राहिला. आता एक शिकलेली बाई फुकटात सांगते की बाबा रे, असं काही नसतं, तुला काही झालेलं नाही, घरी जा. तर हिला मात्र लाज नाही! पैसे घेतले असते तर चाललं असतं बहुधा.

हा चाळा मोबाइलनंच लावला असं समजून त्याला शिव्या घालायच्या, तर तिथंही पंचाईत. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव, गणिताचे प्राध्यापक, 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढून बसले, त्यापायी पुढं विल्सन कॉलेजची नोकरी घालवली आणि जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक छापू लागले. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्री! आत वाचकांचे प्रश्न आणि त्यांची रोखठोक उत्तरं. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये खटला भरला, कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर, तरी 200 रुपये दंड झालाच. वडिलांना पुढं भारतरत्न, मुलाला दंडाची पावती! आणि एवढं पाप छापणारं मासिक चाललं किती? कर्वे ऑक्टोबर 1953 मध्ये गेले, त्यानंतरच्या महिन्यापर्यंत. आता सांगा, सव्वीस वर्षं ते कुणी वाचलं? कुणीच नाही! आपल्या आजोबांनी तर मुळीच नाही. त्यांच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जे सापडलं, ते पंचांग असणार.

सरकारनं 1968 साली पाच पैशाला निरोध काढला, त्याचंही असंच. चहापत्ती विकणाऱ्या कंपन्यांनी तो पानटपरीपर्यंत पोचवला. पोरांनी फुगे फुगवले, मोठ्यांनी छताकडं बघितलं.

एका ठिकाणी मात्र हा लटका राग गिळावा लागतो. याच बीड जिल्ह्यात 2019 साली सरकारी समितीनं 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, खाडा झाला की मुकादमानं उचलीतून कापायचे पैसे, आणि 'काढून टाका, कटकट मिटेल' म्हणणारे दवाखाने. दर वेळी पिशवी काढायची गरज नसते, एवढं त्यांतल्या किती जणींना कुणी पपई हातात घेऊन सांगितलं होतं? पिशवी काढताना कुणाची अब्रू गेली नाही, नुसतं नाव घेतलं की जाते.

असो, फार गंभीर झालो, पुढचा भाग हुकेल. ऐकलंत ना, येत्या शुक्रवारी रात्री नऊला ती डॉक्टरीणबाई साठीनंतरच्या संसारावर बोलणार आहे. शी! या वयात! आपल्याला कसं कळलं म्हणता? समोरच्या अण्णांनी सांगितलं. ते म्हणे सावध करत होते, त्या वेळेला चुकूनसुद्धा फोन उघडू नका म्हणून. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय त्यांचं, पलीकडच्या आळीत उद्या जाणार आहेत.