बदल्यात एक हॅलोजन

'कळंब्याला असतो' असं कोल्हापुरात कुणाला सांगितलं की समोरचा आधी एक पाऊल मागं सरकतो आणि मग हळूच विचारतो, "किती वर्षांची लागली?" मध्यवर्ती कारागृह आमच्या गावाच्या नावानं ओळखलं जातं, त्याची ही किंमत. मग मी खुलासा करतो, की बाबा, आत नाही, बाहेर असतो. तलावाच्या बाजूला, स्वतःचं घर आहे, कर्जाचे हप्ते अजून सात वर्षं आहेत. "म्हणजे जन्मठेपच की," असं म्हणून तो मोकळा होतो.

मी मूळचा शिवाजी पेठेतला. पेठेतला माणूस कळंब्यात राहायला जातो तेव्हा पेठ त्याला निरोप देत नाही, सुतक पाळते. त्यात माझी नोकरी बँकेतली. एकतीस वर्षांत नऊ बदल्या झाल्या. त्यातून एकच शहाणपण पदरी पडलं. जुन्या शाखेच्या निरोप समारंभात जो माणूस 'शाखेचा आधारस्तंभ' असतो, तोच सोमवारी नव्या शाखेत 'तिकडं नको झाला म्हणून इकडं ढकललेला' असतो. मधे फक्त एक रविवार गेलेला असतो.

म्हणून 14 नोव्हेंबर 2025 च्या सकाळी तलावाची फेरी संपवून टपरीवर टेकलो आणि आयपीएलमध्ये शार्दूल ठाकूरची लखनौहून मुंबई इंडियन्समध्ये बदली झाल्याचं कळलं, तेव्हा माझा जीव त्याच्यासाठी कळवळला. 'ट्रेड' वगैरे नवे शब्द झाले. वय वर्षं 34, पगार दोन कोटी, नवं ठिकाण मुंबई. माझ्या हिशेबी ती सरळ सरळ बदली होती, आणि माणसाची तिसरी. 2017 ला पंजाबनं पुण्याला दिलं, 2023 च्या हंगामासाठी दिल्लीनं कोलकात्याला दिलं आणि आता हे. इतक्या बदल्या तर आमच्याकडं युनियनशी वाकडं घेतलेल्या माणसाच्याच होतात.

आमच्या टपरीवर चौघांचं खंडपीठ बसतं. आबा हे निवृत्त एस.टी. ड्रायव्हर आणि मुंबई इंडियन्सचे कट्टर. मेस्त्री गवंडीकामातले, ते चेन्नईचे. गुरुजी हायस्कुलातून निवृत्त झालेले आणि तत्त्वतः तटस्थ. चौथा मी.

"झकास घेतला गडी," आबांनी निकाल देऊन टाकला. "अनुभव पैशानं मिळत न्हाई मर्दा."

मी बशीतला चहा बशीतच ठेवला. याच आबांनी, याच बाकड्यावर, गेल्या उन्हाळ्यात याच शार्दूलबद्दल "संपला ह्यो, आता पालघरला जाऊन चिकू इकावं" असं म्हटलेलं मी कानांनी ऐकलं होतं. तेव्हा तो लखनौचा होता.

"आबा, एप्रिलमध्ये तुम्हीच म्हणत होता..."

"एप्रिलमधी त्यो आपला होता का?"

या प्रश्नाला उत्तर नाही. खेळाडू दुसऱ्याकडं असला की म्हातारा आणि आपल्याकडं आला की अनुभवी. पोरगा तोच, फक्त जावई झाला.

मी आकड्यांवर आलो. बँकेच्या माणसाला दुसरं काय येतं? 2022 च्या लिलावात दिल्लीनं याला 10.75 कोटी मोजले. 2024 ला चेन्नईनं चार कोटी. नोव्हेंबर 2024 च्या मोठ्या लिलावात तर कुणी हातच वर केला नाही. मग लखनौच्या मोहसिन खानला दुखापत झाली म्हणून ऐनवेळी दोन कोटीला बोलावणं आलं. हा आलेख मी कर्ज प्रस्तावात बघितला असता तर फाइल बंद केली असती.

"आणि तरी," गुरुजी तटस्थपणे म्हणाले, "27 मार्चला हैदराबादमध्ये चार बळी. 34 धावांत. ज्याला लिलावात कुणी घेतलं नव्हतं त्यानं."

"आणि हंगामभर षटकामागं अकराच्या घरात धावा दिल्या त्या?" मी.

"बळी तेरा हायत," आबा.

"धावा बघा की."

"बळी बघ की."

इथं मेस्त्रींनी विडी विझवली. मेस्त्री कमी बोलतात, पण बोलले की ओळंबा लावल्यासारखं बोलतात. "तुमी दोघं बी चुकायलासा," ते म्हणाले. "बॉलरची रग बघायची असती. रग हाय का न्हाई, बास. धावा काय, पावसाचं पाणी. कुठनं बी जातं."

रग या शब्दाला आमच्या भागाबाहेर नेमका प्रतिशब्द मिळणं अवघड आहे. जिद्द तिच्यापुढं फारच शाळकरी वाटते, आणि खुन्नसला माणूस समोर लागतो. रगीला कुणी लागत नाही. खासबागेच्या मातीत चीतपट झालेला पैलवान उठून माती झटकतो आणि समोरच्याकडं बघून हसतो, ती रग. ती मोजायचं यंत्र नाही, म्हणून तिच्यावर आमचं बाकडं कितीही वेळ चालू शकतं.

मेस्त्रींनी पुरावे मांडले. 2018 ला हैदराबादमध्ये कसोटी पदार्पण, दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू गेला. "दुसरा असता तर घरी बसला असता." दोन वर्षांनी पुन्हा संधी आली ती ब्रिस्बेनला, जानेवारी 2021. भारत 6 बाद 186. तिथं यानं वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 धावांची भागीदारी केली, स्वतः 67 केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. पुढच्या जानेवारीत जोहान्सबर्गला 61 धावांत सात गडी. "आन् ह्यो पोरगा पालघरहून पाटंची गाडी धरून, खांद्यावर किट घेऊन मुंबईला खेळायला जायाचा. ती रग मुरती बघा हाडात. जुन्या चुन्यागत."

"पण जोहान्सबर्गची मॅच हरलो आपण," मी म्हणालो.

"भित्त पडली म्हणून मेस्त्रीची चूक असती व्हय? पाया कुणी खाल्ला ते बघा की."

आबांनी मात्र मला गप्प करणारा मुद्दा शेवटी काढला. "2019 ची फायनल आठव. चेन्नईला शेवटच्या बॉलवर दोन हवे होते. मलिंगा बॉलर, बॅटिंगला कोण? शार्दूल! पायचीत. आपण एका धावेनं जिंकलो. तवापास्नंच त्यो मनानं मुंबईचा हाय!"

मेस्त्री चेन्नईचे. त्यांनी विडी पुन्हा पेटवली आणि दोन मिनिटं फक्त तलावाकडं बघितलं.

मग विषय जुन्या बदल्यांवर गेला. मी सांगितलं, की श्रीरामपूरच्या झहीर खानलाही 2009 मध्ये बंगळुरूनं रॉबिन उथप्पाच्या बदल्यात मुंबईला दिलं होतं. तिशीचा वेगवान गोलंदाज, म्हणजे झिजलेला टायर असं तेव्हाही लोक म्हणाले. 2011 च्या विश्वचषकात त्या टायरनं 21 बळी घेतले, आफ्रिदीच्या बरोबरीनं सर्वाधिक. आणि गंमत म्हणजे 2025 ला लखनौचा मार्गदर्शक म्हणून शार्दूलला 'तयार राहा, बोलावणं येईल' असं आधीच कळवणारा हा झहीरच. बदली सोसलेला माणूसच दुसऱ्या बदलीवाल्याला असा फोन करतो. आमच्याकडं जतच्या शाखेचा साहेब मला असाच फोन करून सांगायचा, 'येताना पाण्याचा मोठा फिल्टर घेऊन या.'

गुरुजींचा मुलगा बोस्टनला असतो. सहा महिने तिथं राहून आल्यापासून गुरुजी कुठलाही विषय बेसबॉलवर नेऊ शकतात. "तिकडं चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात," त्यांनी सुरुवात केली.

"पिच्चर?" आबा. "कुठल्या टाकीजला?"

"आबा, ऐका. बेब रूथ नावाचा पिचर होता. बॅटही असली फिरवायचा! 1919 च्या डिसेंबरात बोस्टनवाल्यांनी त्याला न्यूयॉर्कला विकून टाकला. त्यानंतर बोस्टनला जगज्जेतेपद मिळालं थेट 2004 ला. मधली सगळी वर्षं लोक म्हणत राहिले, की रूथला विकल्याचा शाप लागला."

बाकड्यावर शांतता पसरली. "नारळ फोडाया पायजे हुता," आबा म्हणाले. "पंच्याऐंशी वर्षं! एवढं शिकलेलं लोक, एक नारळ न्हाई फोडला?"

इथपर्यंत मी दुसऱ्यांच्या बदल्यांवर बोलत होतो. पुढच्याच आठवड्यात माझी झाली.

आमच्या कॉलनीत दर डिसेंबरात मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलचे सामने होतात. सहा षटकं, अर्धं पीच, खेळाडू चाळिशीच्या वरचे. पहिल्या गल्लीचा मी अकरा वर्षं हुकमी गोलंदाज. माझ्याकडं चेंडू एकच आहे, हळू पडणारा. पूर्वी तो फसवण्यासाठी हळू टाकायचो, आता तो आपोआपच हळू पडतो. यंदा तिसऱ्या गल्लीकडं गोलंदाज नव्हता आणि पहिल्या गल्लीकडं उजेड नव्हता. गल्लीप्रमुख म्हणून आबांनी तिसऱ्या गल्लीशी बोलणी केली आणि रात्री जेवायच्या वेळी मला फोन आला, "सर, उद्यापासून तुम्ही आमच्याकडून."

"माझ्या बदल्यात कोण दिलं?"

पलीकडून थोडं चाचरल्यासारखं झालं. "कोण न्हाई. एक हॅलोजन दिलाय. नवा हाय, दोनशे व्हॅटचा."

मी ताटावर परत येऊन बसलो. बायकोनं चेहरा बघून विचारलं. मी सांगितलं. तिनं आमटी वाढता वाढता शांतपणे उत्तर दिलं, "बरोबर आहे की. तो उजेड तरी पाडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकड्यावर विषय मी होतो. अकरा वर्षं जे आबा माझ्या चेंडूला "गुगली हाय, कळत न्हाई कुणाला" म्हणायचे ते माझ्यादेखत मेस्त्रींना सांगत होते, "अवो, बॉल टाकून ह्यो चालत जाऊन कीपिंग करू शकतोय, एवढा हळू." तिसऱ्या गल्लीत राहणारे मेस्त्री म्हणाले, "रग हाय." मी खूश झालो. "थोडी हाय," त्यांनी दुरुस्ती केली.

सामना नेमका पहिल्या गल्लीशी. खांबावर माझ्या बदल्यात गेलेला हॅलोजन डौलात जळत होता. त्याच्या उजेडात मला समोरचा फलंदाज स्पष्ट दिसला. तो आमचा किराणा दुकानदार होता, ज्याच्याकडं माझी वही चालू आहे. शेवटचं षटक, त्यांना दहा धावा हव्या होत्या. ज्याला गेल्या महिन्याचे तेलाचे पैसे द्यायचे बाकी आहेत त्याला यॉर्कर कसा टाकायचा?

पहिला चेंडू त्यानं पेरूच्या झाडापलीकडं मारला. जुन्या गल्लीतून आरोळी आली, "संपला, संपला!" नव्या गल्लीतून मेस्त्री ओरडले, "अनुभव हाय, थांबा!" पुढचा चेंडू वाइड गेला. "संपला!" त्यानंतरचा त्याला लागलाच नाही, कारण चेंडू पोचायच्या आधीच त्याची बॅट फिरून झाली होती. "अनुभव!" मग पुन्हा तसाच एक. मी माणूस म्हणून त्या मैदानावर उरलोच नव्हतो. दोन विशेषणं होती आणि त्यांच्यामध्ये मी घाम पुसत उभा होतो.

चौथ्या चेंडूवर दुकानदार झेलबाद झाला. मी हात वर केला, खांद्यात कट्ट झालं, तो हात खाली आणायला गुरुजींची मदत लागली. दोन चेंडू, तीन धावा. पायात वांब, खांद्यात कळ, पण का कोण जाणे, छातीत काहीतरी तापलं होतं. आबांकडं बघून मी हसलो. मातीही झटकली.

धावत आलो. माझ्या दृष्टीनं धावत. चेंडू हातातून सुटला आणि त्याच क्षणी फट्ट आवाज होऊन सगळा प्लॉट काळोखात बुडाला.

हॅलोजन गेला होता.

अंधारात कुणी म्हणालं बोल्ड, कुणी म्हणालं चौकार, कुणीतरी खरोखरच धावत होतं आणि कुणाच्या तरी पायावर पडलं. मोबाईलचे टॉर्च लागले तेव्हा यष्ट्या आडव्या होत्या, पण त्या चेंडूनं पडल्या की दुकानदाराच्या भावानं, हे कळायला मार्ग नव्हता. चेंडू तर दुसऱ्या दिवशी गटारीत सापडला. पंच असलेल्या गुरुजींनी तटस्थपणे सामना बरोबरीत सोडवला.

सकाळी तलावावर धुकं होतं. मी बाकड्यावर जरा ताठच बसलो, अर्थात खांद्याला महानारायण तेल लावल्यामुळं वाकताही येत नव्हतं. हिशेब माझ्या बाजूनं होता. दोन षटकं, 23 धावा, एक बळी. समोर हॅलोजन, एका सामन्यात खलास. बदलीत कोण फसलं ते बाकड्यानं ठरवावं.

"फसलं कोण?" आबा म्हणाले. "त्याला दोन वर्षं वॉरंटी हाय. तुला हाय?"

मेस्त्रींनी पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. "पण रग बघितली न्हवं काल? हसला गडी. हॅलोजन हसला का?"

आबा काही बोलले नाहीत. चहा संपला, पैसे त्यांनीच दिले. हे कळंब्यात सहसा घडत नाही. उठताना त्यांनी माझ्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला.

"फुडच्या वर्षी घरी ये की मर्दा," ते म्हणाले. "त्यांचा हॅलोजन त्यांना परत देतो."

"जळलेला?"

"मग? तू तरी कुठं नवा हाईस?"