होल्ड!

पडद्यावरची चित्रं बघायची आणि गरम कॉफी प्यायची, एवढीच नोकरी असेल असं समजून मी अमेरिकेतल्या मक्याच्या मुलखात एका प्रयोगशाळेत रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी आदल्या रात्री जन्मलेलं डुकराचं पिल्लू माझ्या हातात ठेवलं. त्याचं वजन जेमतेम किलोभर. आवाज मात्र लग्नाच्या वरातीचा.

इकडे आई गावभर सांगत होती, ‘‘आमचा मुलगा लहान बाळांच्या फुप्फुसांवर संशोधन करतो.’’ यात खोटं काहीच नव्हतं. बाळं कुणाची, एवढंच ती गाळायची. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मागून पिल्लू किंचाळलं. मावशी कळवळली, ‘‘अरे, कुणाचं बाळ रडतंय?’’

‘‘पेशंट आहे, मावशी.’’

‘‘पोट दुखत असेल रे! बाळगुटी द्या म्हणावं.’’

निदान निम्मं बरोबर होतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात शरीरातले स्राव घट्ट, चिकट होतात. त्यामागचं सीएफटीआर हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. पण उंदरांमध्ये ते बिघडवलं, तरी त्यांची फुप्फुसं माणसासारखी आजारी पडेनात. म्हणून मिसूरी आणि आयोवा विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी डुकरांकडे मोर्चा वळवला आणि २००८ मध्ये तशी डुकरं जगापुढे आणली. आई-बाप दोघंही वाहक असले, तर चार पिल्लांमागे सरासरी एक आजारी. जन्मतः वरवर सगळी सारखीच दिसतात. आजारी पिल्लाची पहिली काळी शी मात्र आतड्यातच अडकते. तिथे बाळगुटीचा उपयोग नाही, हे मी मावशीला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

जनुकाची तपासणी आजार आहे की नाही ते सांगते. त्यानं आत काय करून ठेवलंय, ते सीटी स्कॅन दाखवतो. पण श्वासागणिक छाती हलते आणि चित्र फिसकटतं. म्हणून पिल्लाला भूल देऊन व्हेंटिलेटरवर ठेवतात आणि काही सेकंद श्वास थांबवतात. एकदा फुप्फुसं भरलेली असताना, एकदा हवा सोडल्यावर. हवा गेली की निरोगी फुप्फुस करडं दिसतं. आजारी फुप्फुसात ती अडकून राहते, आणि तेवढे भाग काळेच दिसतात.

हे सगळं वाचून, पाठ करून मी काचेआड उभा होतो. टेक्निशियनबाई ओरडल्या, ‘‘होल्ड!’’ पशुवैद्यानं व्हेंटिलेटर थांबवला. पिल्लाचा श्वास थांबला. कर्तव्य म्हणून मीही रोखला. यथावकाश पिल्लाचा श्वास सुरू झाला, पण माझा सुरू करा असं मला कुणी म्हणेना. पशुवैद्यानं आधी मॉनिटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तातडीची मदत म्हणून मला खुर्ची दिली. पिल्लाचा ऑक्सिजन उत्तम होता.

चित्रंही उत्तम आली. फुप्फुसात ठिकठिकाणी काळे डाग, श्वासनळी अरुंद आणि नीट गोलही नाही. छातीत जंतुसंसर्ग नाही, सूज नाही, तरी हा बिघाड जन्मापासूनच हजर. म्हणजे या आजारात फुप्फुसांचं सगळंच खापर जंतूंवर फोडता येत नाही. उपचारांचा विचार पाळण्यापासूनच करायला हवा.

आणि वाचकहो, कुणाला सोबत म्हणून सीटी स्कॅनला गेलात आणि आतून ‘‘श्वास रोखा’’ अशी सूचना आली, तर ती फक्त पेशंटनं पाळायची असते.