तीन पायांची खुर्ची

आमच्या अमडापूरच्या घरात फर्निचर हा शब्द कुणी फारसा उच्चारला नाही. माठाची घडवंची होती, भिंतीतल्या देवळ्या होत्या, बंगई होती आणि बाज होती. बाजेवर चौघं बसले की झोळात चौघंही एकमेकांच्या अंगावर घसरायचे. त्याला आम्ही आराम म्हणायचो.

पुण्याहून लग्नाला आलेला पुतण्या मात्र नव्या फ्लॅटच्या नादात होता. तुर्भ्याच्या आयकियात दोन चकरा झाल्या होत्या, आणि आता मजल इटली-डेन्मार्कवर गेली होती. बल्लाळदेवीपुढे पत्रिका ठेवून आलो, अंगणात टेकलो, तर यानं मोबाइल पुढं केला.

"काका, ही बघा. आर्ने याकोबसेनची मुंगी खुर्ची. 1952 ची. पायच मुळी तीन!"

तीन पायांच्या खुर्च्या आपल्याकडंही पुष्कळ सापडतील. फक्त घेताना त्या चार पायांच्या असतात.

मग त्यानं लिंबू पिळायचं यंत्र दाखवलं. फिलिप स्टार्क नावाच्या फ्रेंच माणसानं इटलीच्या अलेस्सी कंपनीसाठी केलेलं, 1990 पासून विक्रीला असलेलं. चकचकीत अॅल्युमिनियम, लांबलचक तीन तंगड्या, वर लिंबासारखं टोकदार डोकं. मला ते देखणं वाटलं, खोटं कशाला बोलू. माय पोह्यांसाठी लिंबं चिरत होती. तिनं चष्मा सारखा केला, ते नीट निरखलं.

"अन् बिया? बिया तं सगळ्या गिलासातच पडतीन ना रे बापू!"

स्टार्कच्या त्या यंत्राला गाळणी नाही, ही तक्रार जाणकारही करतात. मायला एक फोटो पुरला.

पुतण्या जरा हिरमुसला. तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, युरोपची खुर्ची एवढी शोधतोस, तर बसलास कशावर? मंडपवाल्याची लाल प्लास्टिकची खुर्ची होती. एका हाताला तडा, तो तारेनं शिवलेला. पाठीवर मालकाचं नाव पांढऱ्या ऑइलपेंटनं, 'मं' वरचं टिंब ओघळून मानेपर्यंत आलेलं. हिचंही गोत्र फ्रान्सचंच. 1972 मध्ये आँरी मासोने यानं अख्खी खुर्ची एकाच साच्यातून काढली, तीही दोन मिनिटांच्या आत. ना सांधा, ना खिळा. एकात एक रचल्या की शंभर खुर्च्या छोट्या हत्तीत बसतात. या बिनसांध्याच्या खुर्चीवर 2017 मध्ये जर्मनीतल्या व्हिट्रा डिझाइन म्युझियमनं आख्खं प्रदर्शन भरवलं. तिथं तिला हात लावू देत होते की नाही कोण जाणे. इथं तिच्यावर उभं राहून मामांनी लायटिंगची माळ बांधली.

पुतण्या उठला, खुर्ची उलटी करून बघू लागला. फोटोही काढला. मोबाइलमधल्या एकाही खुर्चीकडं त्यानं इतक्या आदरानं पाहिलं नव्हतं.

रात्री पंगती उठल्या. मंडपाचा पोरगा वीस-वीसच्या चळती रचत, पुटपुटत मोजत अंगणभर फिरला आणि पुतण्यासमोर येऊन थांबला.

"उठा भाऊ. एक कमी भरू राह्यली."